रुई कोस्टा : लूझपासून लूझपर्यंत

२०२१च्या ऑक्टोबरमध्ये लिस्बनच्या बेनफिका या फुटबॉल क्लबच्या सभासदांनी रुई कोस्टाला अध्यक्ष म्हणून निवडून दिलं. क्लबला माजी खेळाडू अध्यक्ष मिळाला, एवढंच म्हणून ही गोष्ट संपत नाही. तिची मुळं क्लबच्या लूझ मैदानात आहेत.

रुईचा जन्म १९७२चा. लहानपणी तो बेनफिकाच्या निवड चाचणीला गेला, तेव्हा क्लबचा महान खेळाडू, साक्षात युसेबिओने त्याला पाहिलं आणि काही मिनिटांतच पसंत केलं. पुढे एक मोसम फाफे या छोट्या क्लबकडे उसना जाऊन तो परतला, आणि १९९१ची युवा विश्वचषक स्पर्धा आली. पोर्तुगालचा अंतिम सामना ब्राझीलशी, लूझवर, सव्वा लाख प्रेक्षकांसमोर. गोलशून्य बरोबरीनंतर निर्णायक पेनल्टी मारली रुईने. फिगो, जुआंव पिंटो आणि तो, या पोरांना तेव्हापासून ‘सुवर्ण पिढी’ म्हटलं जाऊ लागलं.

१९९४मध्ये बेनफिकाने लीग जिंकली. पण तिजोरीत खडखडाट होता, म्हणून रुईला इटलीच्या फिओरेंटिनाला विकावं लागलं. फ्लॉरेन्सचा हा संघ तेव्हा दुसऱ्या श्रेणीतून नुकताच वर आला होता. पुढे अर्जेंटिनाचा आघाडीवीर बातिस्तुता पळायचा आणि मागून रुईचा पास नेमका त्याच्या पायात यायचा. १९९६मध्ये त्यांनी इटालियन चषक जिंकला. त्याच वर्षी फिओरेंटिना मैत्रीपूर्ण सामन्यासाठी लूझवर आली आणि रुईने गोल केला. जल्लोष राहिला बाजूला, माहेरच्या मैदानावर तो ढसाढसा रडला. लिस्बनने हे रडणं कधीच विसरलं नाही.

१९९७ची बर्लिनमधली संध्याकाळ मात्र आजही सलते. विश्वचषक पात्रता सामन्यात पोर्तुगाल जर्मनीविरुद्ध १-० पुढे होता. रुईला बदलायचं ठरलं. तो चालत चालत मैदानाबाहेर निघाला, आणि वेळ काढतोय म्हणून फ्रेंच पंच मार्क बाटा यांनी दुसरं पिवळं, म्हणजेच लाल कार्ड दाखवलं. बदली खेळाडू बाहेरच राहिला. दहा जणांच्या पोर्तुगालवर जर्मनीने बरोबरीचा गोल केला, आणि १९९८चा विश्वचषक हुकला. ऐन उमेदीतल्या खेळाडूचा विश्वचषक असा जावा, हा अन्यायच होता असं मला वाटतं.

बातिस्तुता २०००मध्ये रोमाला गेला. रुई कर्णधार झाला, २००१चा इटालियन चषक त्याने उचलला. पण क्लब कर्जात बुडालेला होता. त्या उन्हाळ्यात सुमारे ८५ अब्ज लिरांना तो मिलानकडे गेला. तिथे २००३ची चॅम्पियन्स लीग आणि २००४ची सेरी आ, म्हणजे इटालियन लीग, मिळाली. पण २००३मध्ये ब्राझीलचा काका संघात आला आणि रुईला बाकावर बसण्याची सवय करावी लागली. २००५च्या मिलान डर्बीत पेटते फ्लेअर मैदानात पडत असताना त्याच शहरातल्या इंटर क्लबचा माटेराझी त्याच्या खांद्यावर कोपर टेकून उभा आहे, तो फोटो आठवतो ना? तो काळ हाच.

त्याआधी २००४चा युरो, म्हणजे युरोपातल्या देशांची स्पर्धा, मायदेशी झाला. जुनं लूझ पाडून शेजारी नवं उभं राहिलं होतं. सलामीलाच ग्रीसकडून हरल्यावर त्याची जागा डेकोला मिळाली. उपांत्यपूर्व फेरीत इंग्लंडविरुद्ध तो बदली म्हणून उतरला, जादा वेळेत दुरून सणसणीत गोल केला, आणि शूटआऊटमध्ये त्याचीच पेनल्टी बाहेर गेली. पोर्तुगाल तरीही जिंकला. अंतिम सामनाही लूझवरच, पुन्हा ग्रीसशी, ०-१. ९४ सामने आणि २६ गोलांनंतर त्याने राष्ट्रीय संघाची जर्सी उतरवली.

२००६मध्ये मिलानमधल्या मोठ्या पगारावर पाणी सोडून तो बेनफिकात परतला. या दोन वर्षांत लीग काही मिळाली नाही. मे २००८मध्ये, ३६व्या वर्षी, लूझवर तो शेवटचा खेळला आणि लगेच क्लबच्या फुटबॉल विभागाची सूत्रं हाती घेतली. त्याच उन्हाळ्यात त्याने अर्जेंटिनाच्या पाब्लो आयमारला लिस्बनला आणलं आणि आपली १० नंबरची जर्सी त्याला दिली.