कोरी सीडी (सीडी-आर व सीडी-आरडब्ल्यू)

घरच्या संगणकावर स्वतः नोंद करता येईल अशी चकती. मुंबईत ‘ब्लँक सीडी’ हाच शब्द रूढ झाला. १९८२ मध्ये बाजारात आलेली फिलिप्स आणि सोनी यांची सीडी कारखान्यात साच्यातून निघे. तिच्यात नंतर काही भरता येत नसे.

एकदाच लिहिता येणाऱ्या सीडी-आरमध्ये पॉलिकार्बोनेट या प्लास्टिकच्या चकतीवर सेंद्रिय रंगद्रव्याचा पातळ थर असतो, त्यावर सोन्याचा किंवा चांदीचा परावर्तक थर. सुमारे ७८० नॅनोमीटरचा लेसर रंगद्रव्य तापवून खुणा उमटवतो. वाचणाऱ्या यंत्राला त्या छापील, म्हणजे कारखान्यात साच्यातून काढलेल्या सीडीतल्या खळग्यांसारख्याच भासतात, म्हणून बहुतेक जुन्या प्लेअरवरही ती वाजे. या शोधाची खरी कमाल इथेच आहे. जपानच्या ताइयो युडेन कंपनीने १९८८ मध्ये हे साधले आणि १९९० च्या ‘ऑरेंज बुक’ या फिलिप्स-सोनीच्या मानक-संहितेने त्याला प्रमाण रूप दिले. कोऱ्या चकतीवरही सर्पिल खाच आधीच असते. तिच्या बारीक नागमोडीवरून रायटरला, म्हणजे सीडी लिहिणाऱ्या यंत्राला, वेग आणि जागा कळते.

१९९७ मध्ये पुसून पुन्हा लिहिता येणारी सीडी-आरडब्ल्यू आली. तिच्यात रंगद्रव्याऐवजी चांदी, इंडियम, अँटिमनी व टेल्युरियम यांचा मिश्रधातू असतो. तो वितळवून झटकन गार केला की अस्फटिकी होतो, बेताने तापवला की पुन्हा स्फटिकी. असे पुसणे-लिहिणे साधारण १,००० वेळा करता येते. मात्र छापील सीडी ७० टक्के प्रकाश परत फेकते, तर ही १५ ते २५ टक्केच. त्यामुळे जुने प्लेअर ती ओळखत नसत.

एकपट वेगाने, म्हणजे सेकंदाला १५० किलोबाइट, ७४ मिनिटांची सीडी लिहायला ७४ मिनिटेच लागत. मध्येच माहितीचा ओघ तुटला की चकती वाया. २००० च्या सुमारास सान्योच्या ‘बर्न-प्रूफ’ तंत्राने हे संकट टळले.

ग्रँट रोड स्थानकाजवळचा लॅमिंग्टन रोड, म्हणजे दादासाहेब भडकमकर मार्ग, हा मुंबईतला या मालाचा बाजार. रायटर आणि कोऱ्या चकत्या घ्यायला लोक तिथेच जात. लग्न, मुंज, शाळेचे स्नेहसंमेलन, हौशी नाटकाचा प्रयोग: कॅसेटनंतर मराठी घरांच्या कितीतरी आठवणी या चकत्यांवर उतरल्या आणि आज माळ्यावर पडून आहेत. ऊन, उष्णता आणि मुंबईची दमट हवा रंगद्रव्याला मानवत नाही. पुष्कळ चकत्या आता वाचल्याच जात नाहीत. उरलेल्यांची प्रत हार्ड डिस्कवर लगेच काढून ठेवावी. चकती हाताळताना लेबलची बाजू अधिक जपावी: खालचे प्लास्टिक १.२ मिलिमीटर जाड असते, वर मात्र नोंदीवर लाखेचे पातळसे अस्तरच असते. नाव घालायचेच तर बॉलपेनने नव्हे, मऊ टोकाच्या मार्करने, मधल्या पारदर्शक कड्यावर.