पार्श्वभूमी : सोलापूरचे मेघबीजन आणि मुद्दाम सोडून दिलेले ढग

सोलापुरात पावसाळ्यात ढगांची वानवा नसते. जुलैत आभाळ दिवस-दिवस भरलेले, पश्चिमेचा वारा सुटलेला आणि पाऊस म्हणावा तर नुसती भुरभुर. घाटमाथ्यावर ओलावा सांडून आलेला वारा पठारावर उतरताना तापतो, त्यामुळे इथले बरेचसे ढग उथळच राहतात. ढगातला थेंब साधारण १० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) त्रिज्येचा असतो. जमिनीवर टपकणारा थेंब १ मिलिमीटर त्रिज्येचा धरला, तर त्यात असे दहा लाख थेंब मावतात. नुसती वाफ धरून थेंब तेवढा होईपर्यंत ढगच विरून जातो. थेंब एकमेकांवर आदळून एक व्हावे लागतात आणि त्यासाठी निदान काही थेंब २० मायक्रॉनच्या आसपास पोचलेले हवेत. समुद्रावरच्यापेक्षा जमिनीवरच्या हवेत धूळ-धूर जास्त, म्हणजे तेवढेच पाणी जास्त कणांत वाटले जाते. सगळे थेंब बारीक आणि एकसारखे, सगळ्यांचा पडण्याचा वेगही एकच. मग ते आदळणार कसे? मेघबीजनात, म्हणजे कृत्रिम पावसाच्या प्रयोगात, पाणी ओढून घेणारे मोठे क्षारकण ढगात सोडतात, ते ही कोंडी फोडायला.

याची सुरुवात १९४६ साली अमेरिकेत, कोरड्या बर्फाने आणि पाठोपाठ सिल्व्हर आयोडाइडने झाली. सिल्व्हर आयोडाइड ढगातले पाणी गोठवते, म्हणून ते कामाला येते ते उणे ५ अंशांच्या खाली, न गोठलेले पाणी ढगात शिल्लक असेल तर. आपल्याकडे पावसाळ्यात शून्य अंशाची पातळीच सुमारे ५ किलोमीटरवर असते आणि पुष्कळ ढगांचा माथा तिथवर जातच नाही. म्हणून १९७३ ते १९८६ या काळात बारामतीच्या परिसरात ११ हंगाम विमानातून मिठाची पूड उडवली गेली. दमट हवेत तिचे गोळे होऊ नयेत म्हणून तिच्यात शंखजिऱ्याची भुकटी मिसळत. पाऊस २४ टक्के वाढल्याचा निष्कर्ष निघाला.

त्यानंतर २००३ आणि २०१५ साली राज्यात विमाने उडाली ती दुष्काळावर उपाय म्हणून. पाऊस पडला की श्रेय विमानाला, नाही पडला की दोष ढगांना. हा हिशेब कधीच जुळणारा नव्हता. बीजन केले नसते तर त्याच ढगाने किती पाऊस दिला असता, हे सांगायला तुलनेसाठी काहीच नव्हते.

सोलापूरच्या प्रयोगात नेमके इथेच वेगळे केले गेले. २०१८ आणि २०१९ च्या पावसाळ्यात दोन विमाने वापरली : एक बीजनाचे, दुसरे ढगाच्या आत मोजमाप करणारे. निकषात बसणारा ढग सापडला की त्यावर बीजन करायचे की नाही, हे दैवगतीने, चिठ्ठी टाकल्यासारखे ठरे. म्हणजे चांगले, पाणी देण्याजोगे ढग हाताशी असताना काही मुद्दाम सोडून दिले गेले. तेही २०१८ मध्ये, ज्या वर्षी राज्यातल्या १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला आणि त्यात या जिल्ह्यातले कितीतरी तालुके होते. ज्याची ज्वारी उगवलीच नाही, त्याला हा खेळखंडोबा वाटणे साहजिक आहे. तरी निर्णय बरोबरच होता. वैमानिकाला ढग निवडायला सांगितले तर तो भरदार, चढता ढग निवडणार. तो ढग बीजनाशिवायही बरसला असता आणि त्याचे माप बीजनाच्या खात्यात जमा झाले असते. दोन ढग कधीच सारखे नसतात, म्हणून शेकड्यांनी ढग हवेत आणि निवड माणसाच्या हातात नको. या प्रयोगात २७६ ढग तपासले गेले.

कॅल्शियम क्लोराइड या क्षाराच्या नळकांड्या विमानाच्या पंखांखाली लावतात आणि त्या ढगाच्या तळाशी, चढत्या झोताखाली पेटवतात. झोत चुकला तर धूर ढगात जातच नाही. कण फार बारीक पडले तर उलट थेंबांची संख्या वाढते आणि पाऊस आणखी अडतो. बाजूची कोरडी हवा ढगात शिरली तर थेंब वाढण्याआधीच सुकतात, आणि ढगाचा तळ उंच असला तर खाली येताना वाटेत.

मोजणीतही एक खाच आहे. रडारवरचा प्रतिध्वनी थेंबाच्या व्यासाच्या सहाव्या घाताने वाढतो, पाणी मात्र तिसऱ्या घाताने. थेंबाचा व्यास दुप्पट झाला की पाणी ८ पट आणि प्रतिध्वनी ६४ पट. बीजन थेंब मोठे करण्यासाठीच असते. तेव्हा नुसत्या रडारवर विसंबले तर यश फुगून दिसणार. त्यासाठी जमिनीवरची पर्जन्यमापके लागतात.

२०२३ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले : वाऱ्याच्या दिशेने पुढच्या सुमारे १०० चौरस किलोमीटरमध्ये सरासरी १८ टक्के वाढ, काही ठिकाणी ४६ टक्क्यांपर्यंत. बातम्यांत ४६ चा आकडा ठळक झाला, पण धरायचा तो १८ च. १० मिलिमीटर पडायचे तिथे ११.८ पडले, एवढाच त्याचा अर्थ. ढगच नसतील तर शून्याचे १८ टक्के शून्यच. जिल्ह्याचे क्षेत्र जवळपास १५,००० चौरस किलोमीटर आहे, त्यात १०० म्हणजे एक टक्काही नाही.

'कृत्रिम पावसाने उजनी धरण भरेल' ही अपेक्षा दर टंचाईत डोके वर काढते. उजनीत पाणी येते ते मुख्यतः वरच्या अंगाला, पुणे जिल्ह्यात भीमेच्या खोऱ्यात पडणाऱ्या पावसाचे. मंगळवेढ्यावर किंवा अक्कलकोटवर वाढवलेला पाऊस धरणात उलटा चढत नाही. तो उपयोगी पडलाच तर तिथल्या काळ्या रानात, ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये, रब्बी ज्वारीच्या पेरणीआधी ओल धरायला.