कमी दुखतंय म्हणजे कमी भाजलंय असं नसतं

गेल्या दिवाळीत आमच्या घरात एकाच आठवड्यात दोघी भाजल्या. आईच्या मनगटावर चकल्या तळताना तेल उडालं, आणि भाची तुळशीबागेतनं परत आल्यावर सोसायटीच्या पार्किंगमध्ये गाडीवरून उजव्या बाजूने उतरली तर पोटरीला सायलेन्सर चिकटला. आईचं बघवत नव्हतं, लालबुंद मनगट, थोड्या वेळात टपोरे फोड, रात्रभर डोळा नाही. भाचीचं म्हणजे दहाच्या नाण्याएवढा पांढुरका चट्टा, "मावशी, काही नाही गं, दुखत पण नाहीये." मग काय, आम्ही सगळे आईभोवती. आईचं बारा दिवसांत भरून आलं, आता डाग शोधावा लागतो. भाचीला सहा आठवडे लागले आणि जाड व्रण राहिला तो राहिलाच.

असं उलटं का झालं हे मला नंतर कळलं, आणि ते प्रत्येक घरात माहीत असावं असं मनापासून वाटतं.

आपल्या त्वचेचा सगळ्यात वरचा थर बहुतेक ठिकाणी मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढाच जाड असतो. त्याखालच्या जाड थरात रक्तवाहिन्या, वेदना कळवणाऱ्या नसांची टोकं, केसांची मुळं, घामाच्या ग्रंथी असं सगळं असतं. नवी कातडी मुख्यतः या केसांच्या मुळांपासून आणि घामाच्या ग्रंथींपासून उगवते. ती शाबूत असतील तर जखम आतूनच भरते, नाहीतर तिला कडेकडेने सरकत यावं लागतं आणि त्याला आठवडे लागतात. आता बघा, खोलवर भाजलं की नसांची टोकंही जळून जातात, म्हणून मधे दुखतच नाही. आईचं दुखत होतं कारण तिची कातडी खाली जिवंत होती.

मग घरी ओळखायचं कसं? फक्त लाल, कोरडं, चुरचुरतंय, फोड नाही, हे वरवरचं, आठवड्याभरात जातं. फोड आलेत, खाली ओलसर गुलाबी आहे, हात लावू देत नाही, हे मधलं, साधारण दोन ते तीन आठवडे. आणि पांढुरकं, मेणासारखं, तपकिरी किंवा काळं, कोरडं, दुखणं कमी, हे खोल, मग ते नाण्याएवढं असलं तरी डॉक्टरांना दाखवायचंच. अजून एक सोपी तपासणी म्हणजे स्वच्छ बोटाने क्षणभर दाबून सोडायचं, पांढरं होऊन दोनेक सेकंदांत परत गुलाबी झालं तर रक्त वाहतंय, रंग बदललाच नाही किंवा खूप हळू आला तर खोल समजा. सावळ्या कातडीवर लाली पटकन दिसत नाही, तेव्हा दुसऱ्या हाताशी किंवा पायाशी ताडून बघा. पहिल्या दिवशी बघून निकाल लावू नका, दोन-तीन दिवस रोज बघा, कारण भाजणं तव्यावरून हात काढला की संपत नाही.

हे शेवटचं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं. १९५३ मध्ये जॅक्सन नावाच्या ब्रिटिश सर्जनने भाजलेल्या जागेचे तीन पट्टे सांगितले. सगळ्यात आतला मेलेला, बाहेरचा नुसता सुजून लाल झालेला तो बरा होणारच, आणि या दोघांच्या मधला अर्धमेला, जिथलं रक्त मंदावलंय पण पेशी अजून तग धरून आहेत. हा मधला पट्टा एक-दोन दिवसांत वाचतो किंवा मरतो आणि तो मेला की भाजणं आणखी खोल जातं. आपण घरी जे काही करतो ते या पट्ट्यासाठी.

आणि त्याला वाचवणारी गोष्ट म्हणजे नळाचं वाहतं गार पाणी, २० मिनिटं, घड्याळ लावून. दोन मिनिटांत बरं वाटलं म्हणून हात काढायचा नाही. लगेच जमलं नाही तरी भाजल्यापासून तीन तासांपर्यंत उपयोग होतो. ऑस्ट्रेलियात जवळपास अडीच हजार भाजलेल्या मुलांचा अभ्यास २०२० मध्ये छापून आला, त्यात ज्यांना तीन तासांच्या आत २० मिनिटं पाणी मिळालं त्यांच्यात कातडी लावायच्या ऑपरेशनची शक्यता चाळीस टक्क्यांहून जास्त कमी दिसली. नळाच्या पाण्याने! आईने तिचं मनगट सिंकमध्ये धरलं होतं, भाचीने पोटरीवर फुंकर मारली.

पुण्यात एक अडचण मात्र आहे, एप्रिलमध्ये दुपारी गच्चीवरच्या टाकीचं पाणी चटका बसेल इतकं तापलेलं असतं, तेव्हा आधी नळ सोडून बघा, गरमच येत असेल तर माठातलं किंवा पिण्याचं पाणी तांब्याने ओतत राहा. बर्फ नको, बर्फाने रक्तवाहिन्या आवळतात आणि त्या बिचाऱ्या मधल्या पट्ट्याचं उरलंसुरलं रक्तही तुटतं. बाळ असेल तर फक्त भाजलेली जागा गार करा, बाकी अंग शालीत गुंडाळा, नाहीतर बाळ गारठतं. पाणी सुरू असतानाच अंगठी, बांगड्या, जोडवी काढून टाका, सूज आली की निघत नाहीत. कपडा चिकटला असेल तर ओढू नका.

टूथपेस्टचं काय? त्यातला मेंथॉल कातडीतल्या थंडी ओळखणाऱ्या नसांना फसवतो, गार वाटतं पण उष्णता तिथेच राहते. हळद, शाई, बटाट्याचा कीस, तूप, यांनी जखम झाकली जाते, आत घाण शिरते, आणि नंतर डॉक्टरांना रंगच दिसत नाही की किती खोल आहे. आमच्या शेजारच्या काकू प्रेमाने हळद घेऊन आल्या होत्या, त्यांना थांबवणं जड गेलं पण थांबवलं.

पाण्यानंतर साध्या साबणाने हलकं धुवायचं, व्हॅसलीनचा पातळ थर, वर न चिकटणारं गॉझ आणि सैल पट्टी, कापूस नको, तंतू अडकतात. ड्रेसिंग ओलं किंवा घाण झालं की बदलायचं. फोड फोडू नका, त्यावरची कातडी म्हणजे तयार झाकण आहे. दुखायला पॅरासिटामॉल, मुलांना वजनानुसार. धनुर्वाताचं इंजेक्शन शेवटचं कधी घेतलं आठवत नसेल तर डॉक्टरांना विचारा.

घरी थांबायचंच नाही अशा वेळा: भाजलेल्याच्या स्वतःच्या तळहातापेक्षा, बोटांसकट, मोठं असेल (हा तळहात म्हणजे अंगाचा साधारण एक टक्का), चेहरा, हात, पाऊल, सांधा किंवा जांघेत असेल, हाता-पायाला गोल वेढून असेल, विजेने किंवा ॲसिडने भाजलं असेल, किंवा बाळ अथवा म्हातारं माणूस असेल. विजेचं वरून टिकलीएवढं दिसतं आणि आत बरंच जळलेलं असतं. भाजल्यावर काही दिवसांत लहान मुलाला ताप, पुरळ, उलट्या झाल्या तर जखम कितीही छोटी असो, त्याच दिवशी दवाखाना. मोठं भाजलं तर सरळ १०८.

डायबेटिस असलेल्यांसाठी वेगळं सांगते. पाय दुखतात म्हणून गरम पाण्यात सोडून बसायची सवय घरोघरी आहे, पण ज्यांच्या पावलाची जाणीव गेलीय त्यांना कळतच नाही आणि सकाळी फोड दिसतात. १९४७ मध्ये अमेरिकेत मॉरिट्झ आणि हेन्रिक्स या संशोधकांनी मोजून ठेवलंय, ४४ अंशांना कातडी भाजायला सहा तास लागतात आणि ६० अंशांना जेमतेम पाच सेकंद. सोलरचं पाणी उन्हाळ्यात ६० च्या वर सहज जातं, म्हणून बादलीत आधी गार पाणी, मग गरम, आणि दुसऱ्या कुणीतरी कोपर बुडवून बघायचं.

भरून आल्यावरची कातडी कोरडी पडते, खाजते, उन्हाने काळवंडते. रोज व्हॅसलीन किंवा साधं मॉइश्चरायझर, आणि काही महिने त्या जागेला ऊन लागू द्यायचं नाही. भाचीच्या पोटरीवरचा व्रण अजून उंच आहे, त्यावर डॉक्टरांनी सिलिकॉनची पट्टी दिलीय, ती रात्री लावून झोपते. आणि आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांचा सायलेन्सर उजवीकडे असतो हे कळल्यापासून गाडीवरून डावीकडूनच उतरते.