आउटबोर्ड मोटर : झिजलेले माउंट व जड स्टेअरिंग यांची दुरुस्ती

बोटीच्या मागच्या फळीला बाहेरून बसवलेल्या मोटरचे रबरी माउंट बदलणे आणि तिचा वळण्याचा सांधा मोकळा करणे ही जुन्या आउटबोर्ड मोटरच्या दुरुस्तीतील दोन वेगळी, पण बहुधा एकत्रच निघणारी कामे आहेत. मुंबईच्या कोळीवाड्यांतील मोठ्या मासेमारी नौका आतल्या डिझेल इंजिनावर चालतात. आउटबोर्ड मोटर दिसते ती वरळी, माहीम, गोराई यांसारख्या ठिकाणच्या लहान फायबर होड्यांवर आणि शिडाच्या बोटींसोबत जाणाऱ्या बचाव बोटींवर. खारे पाणी, खाडीचा बारीक गाळ आणि वर्षानुवर्षे न बदललेले ग्रीस ही येथील बिघाडाची नेहमीची कारणे होत.

मोटर फळीला क्लॅम्प ब्रॅकेटने धरलेली असते आणि क्लॅम्पमधून जाणाऱ्या आडव्या टिल्ट नळीभोवती ती वर उचलली जाते. त्याच नळीवर टेकलेल्या स्विव्हल ब्रॅकेटच्या उभ्या पोकळीत एक पोलादी दांडा फिरतो. हा मोटरचा वळण्याचा आस होय. दांडा आणि पोकळी यांच्यामध्ये वर व खाली प्लास्टिकचे बुश, म्हणजे घर्षण कमी करणारी नळीसारखी अस्तरे, असतात. दांड्याची टोके मोटरच्या मधल्या भागाला थेट जोडलेली नसून, इंजिनाची थरथर बोटीत उतरू नये म्हणून त्यांच्यामध्ये धातूवर चिकटवलेल्या रबराचे माउंट बसवलेले असतात. पंखा तळाशी असल्यामुळे बोट पुढे जाताना खालचे माउंट पुढच्या बाजूला दाबले जातात आणि वरचे मागे ओढले जातात. रिव्हर्समध्ये हे उलट घडते. रबर धातूपासून सुटले असेल, तर गिअर टाकताना ठोका ऐकू येतो, मंद गतीवर थरथर वाढते आणि हँडल वळवल्यावर मोटर किंचित उशिराने वळते.

हा उशीर आणि स्टेअरिंगचा जडपणा यांत गल्लत होते व नको तो भाग उघडला जातो, म्हणून आधी परीक्षा महत्त्वाची. बोट किनाऱ्यावर घेऊन, मोटर बंद ठेवून, पंख्याजवळचा भाग मागे-पुढे हलवावा. मधला भाग स्विव्हल ब्रॅकेटच्या तुलनेत सैल हलत असेल, तर माउंट गेले. ब्रॅकेटसकट सगळेच हलत असेल, तर टिल्ट नळीचे बुश किंवा फळीचे बोल्ट तपासावेत. जडपणासाठी स्टेअरिंगची केबल मोटरपासून सोडवून मोटर हाताने वळवावी. ती सहज वळली, तर दोष केबलमध्ये किंवा केबलचा दांडा ज्या टिल्ट नळीतून सरकतो तिच्यात आहे. न वळल्यास उभा आस जाम आहे. हँडलवाल्या मोटरवर घर्षणाचा स्क्रू जास्त आवळलेला नाही ना, हे त्याआधी पाहून घ्यावे. स्टेअरिंग फक्त पाण्यात, चालत्या मोटरवर आणि एकाच दिशेला जड लागत असेल, तर बहुधा पंख्याच्या वरच्या बाजूला बसवलेला ट्रिम टॅब, म्हणजे कोन बदलता येणारे छोटे पाते, चुकीच्या कोनात असतो.

उभा आस जाम होण्याचे कारण नुसते वाळलेले ग्रीस नसते. ॲल्युमिनियम गंजून झालेली पांढरी भुकटी बुशच्या मागे साचते व बुशला दांड्यावर आवळते. ग्रीस निपल (ग्रीस भरण्याचे छोटे तोंड) काढून त्यामागची वाट तारेने साफ करावी, गंज सोडवणारे तेल सोडावे, हीट गनने ब्रॅकेट तापवावे आणि मोटर थोडी थोडी दोन्ही बाजूंना वळवत राहावे. इंधनाची टाकी व नळी त्याआधी दूर न्यावी, हे सांगायला नकोच. नवे ग्रीस वरून व खालून दोन्हीकडे बाहेर येईपर्यंत भरावे. एकाच टोकातून आले, तर दुसरा बुश कोरडाच राहिला आहे. मग खालचा योक, म्हणजे दांड्याचे खालचे टोक माउंटला जोडणारा भाग, सोडवून दांडा काढणे, पोकळी घासणे आणि बुश बदलणे याला पर्याय नाही. जोर लावून चाक फिरवल्याने केबल मात्र खराब होते. केबलच्या दांड्याला ग्रीस देताना तो पूर्ण आत ओढलेला असावा, नाहीतर कोंडलेले ग्रीसच तो अडकवते.

माउंट बदलताना खरे आव्हान बोल्टचे असते. ॲल्युमिनियममध्ये बसलेला स्टेनलेसचा बोल्ट खाऱ्या पाण्यात वर्षे काढल्यावर घट्ट धरतो. पान्याला लांब पाइप लावून पिळल्यास डोके तुटते आणि तासाभराचे काम लेथवाल्याकडे जाते. उष्णता, तेल आणि हातोडीचे हलके ठोके हीच वाट. मोटरचे वजन चेन पुलीवर घेतल्याशिवाय बोल्ट सोडू नयेत. काही लहान मोटरींत वरचे माउंट इंजिनाखाली झाकलेले असल्याने इंजिन उचलावे लागते व खालचे गॅस्केट नवे घालावे लागते. डाव्या-उजव्या बाजूंचे माउंट जोडीनेच बदलावेत, कारण एक नवे आणि एक जुने ठेवल्यास मोटर तिरकी बसते.

एव्हिनरूड या आउटबोर्ड मोटरींच्या ब्रँडचे उत्पादन २०२० मध्ये थांबले, त्यामुळे अशा जुन्या मोटरींचे सुटे भाग शोधावे लागतात. बुश नायलॉनच्या सळीतून लेथवर करून घेता येतो. माउंट मात्र मुंबईच्या नागदेवी बाजारातल्या साध्या रबरी गट्टूने भागवू नये, कारण त्याचा कडकपणा वेगळा असतो आणि तो धातूला चिकटवलेला नसतो. जोडणी करताना बोल्टच्या आट्यांना मरीन ग्रीस लावावे आणि माउंटवरून जाणारी अर्थिंगची पट्टी पुन्हा बसवावी. रबर वीज वाहू देत नसल्याने, पट्टी विसरली तर ब्रॅकेटवरचा जस्ताचा तुकडा मोटरच्या उरलेल्या भागाला गंजापासून वाचवू शकत नाही.