रोममध्ये मिल्खा सिंग यांनी विश्वविक्रम मोडला होता का?

रोम येथील १९६० च्या ऑलिंपिकमध्ये मिल्खा सिंग यांनी ४०० मीटरचा विश्वविक्रम मोडला, तरीही त्यांना पदक मिळाले नाही, असे आजही छातीठोकपणे सांगितले जाते. हे खरे नाही. शर्यतीपूर्वी विश्वविक्रम ४५.२ सेकंदांचा होता आणि मिल्खांची नोंद ४५.६ सेकंदांची. अमेरिकेचे ओटिस डेव्हिस आणि जर्मनीचे कार्ल कॉफमन या दोघांनीही ४४.९ सेकंदांत अंतर कापून नवा विश्वविक्रम केला. सुवर्ण कोणाचे हे छायाचित्रावरून ठरवावे लागले. कांस्यपदक दक्षिण आफ्रिकेच्या माल्कम स्पेन्सना मिळाले, तेही ४५.५ सेकंदांत, म्हणजे मिल्खांच्या फक्त दशांश सेकंद पुढे.

गैरसमजाचे मूळ बहुधा ऑलिंपिक विक्रमात आहे. १९५२ पासूनच्या ४५.९ सेकंदांच्या विक्रमापेक्षा मिल्खा सरस धावले हे खरे. परंतु डेव्हिस यांनी उपांत्य फेरीतच तो विक्रम ४५.५ वर आणला होता. मागे वळून पाहिल्यामुळे सुवर्ण हुकले, ही आवडती कथा खरी मानली तरी पहिल्या दोघांशी असलेले ०.७ सेकंदांचे अंतर एका नजरेने भरून निघत नाही.

फाळणीत आईवडील गमावून दिल्लीच्या निर्वासित छावणीत आलेला, विनातिकीट प्रवासापायी तुरुंगात गेलेला आणि सैन्यभरतीत वारंवार नाकारला गेलेला हा मुलगा पुढे सैन्यातच धावायला शिकला. त्याची रोममधील वेळ १९९८ पर्यंत, म्हणजे तब्बल ३८ वर्षे, राष्ट्रीय विक्रम म्हणून टिकली.