गांडूळ देशी की परदेशी? एका जुन्या वादाची पार्श्वभूमी

गांडुळाने जमीन भुसभुशीत होते हे शेतकऱ्याला कुणी शिकवावं लागलं नाही. डार्विनने १८८१ मध्ये त्यावर अख्खं पुस्तक लिहिलं, पण तो विषय शेताचा होता. स्वयंपाकघरातला ओला कचरा खाऊ घालायला गांडूळ पाळणं आपल्याकडे रुजलं ते १९८०-९० च्या दशकांत, आणि इथेच शब्दाचा घोळ सुरू झाला.

पावसाळ्यात अंगणात वर येतं तेही गांडूळ आणि खताच्या टोपलीत असतं तेही गांडूळ. टोपलीत बहुधा युरोपातलं लालसर आयसेनिया फेटिडा असतं किंवा पश्चिम आफ्रिकेतलं युड्रिलस युजेनी. सेंद्रिय शेतीतल्या एका गटाने यावर जोरदार आक्षेप घेतला: हे परदेशी जंतू माती खात नाहीत, म्हणून ती गांडुळंच नव्हेत, शिवाय अंगात जड धातू साठवतात. यातलं धातूंचं खरं आहे. कॅडमियम आयसेनियाच्या अंगात साठतं. पण कॅडमियम त्याला मिळणार कचऱ्यातूनच. घरच्या भाजीच्या देठांत ते कितीसं असणार? प्रश्न शहराच्या मिसळलेल्या कचऱ्याचा होता आणि आळ आला गांडुळावर.

देशी-परदेशी ही वाटणीही चुकीचीच. पेरिओनिक्स एक्सकॅव्हेटस हे आपल्याच भागातलं गांडूळ, तरी तेही वरवर राहून कुजकं खातं आणि टोपलीत छान नांदतं. खरा फरक खोलीचा. काही जाती मातीत खोल बिळं करतात, तर काही पालापाचोळ्याच्या वरच्या वीतभर थरातच जगतात. कचऱ्याला या दुसऱ्या प्रकारच्या जाती लागतात. वाद गांडुळाच्या मूळ गावावरून रंगला आणि खोलीचा मुद्दा बाजूला पडला.

त्याची किंमत शहरांनी मोजली. १९९४ मध्ये अस्वच्छ सुरतेत प्लेगची साथ आली, १९९६ मध्ये शहरांच्या कचऱ्याचा प्रश्न न्यायालयात गेला आणि २००० च्या नियमावलीत ओल्या कचऱ्यासाठी मान्य पद्धतींत गांडूळखताचं नाव आलं. पुण्यात नव्या इमारतींना गांडूळखताची अट लागली. मिळकतकरात सवलतही मिळाली: गांडूळखत, सौरऊर्जा, पर्जन्यजल यांपैकी एक असेल तर ५ टक्के, दोन असतील तर १० टक्के. बिल्डरांनी हौद बांधले. आमच्या सोसायटीतला कमरेएवढा खोल आहे. वीतभर थरात जगणाऱ्या प्राण्यासाठी! असा हौद भरला की मधला कचरा तापतो, ५५-६० अंशांपर्यंतही जातो. आयसेनिया पस्तीस अंशांच्या पुढे तग धरत नाही. गांडुळं कडेने पळाली, उरलेली मेली, वास सुटला आणि पुढे कित्येक हौदांवर फरशी पडली.

२०१६ च्या नियमांनी मोठ्या सोसायट्यांना कचरा जागेवरच जिरवायला सांगितलं. २०१७ च्या एप्रिलमध्ये पुण्याचा उरुळी-फुरसुंगीचा कचरा डेपो पेटला, गावकऱ्यांनी कचऱ्याच्या गाड्या अडवल्या, तेव्हा हौदांवरच्या फरश्या पुन्हा निघाल्या. आमचाही हौद उघडला. पाटी अजून 'गांडूळ प्रकल्प' अशीच आहे. आत कोकोपीट म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा आणि जिवाणूंची पावडर घातलेला कचरा. मध्ये हात घातला तर चटका बसतो.