वेढ्याची चित्रं आणि ग्वाल्हेरचा किल्ला

अठराव्या शतकातला इंग्रज चित्रकार विल्यम हॉजेस यानं काढलेलं आपल्या किल्ल्याचं जुनं छापचित्र ग्वाल्हेरकरांनी जरूर पाहावं, पण चित्रकार कुठे उभा आहे हे आधी बघावं. तो खाली, मैदानात, तटाबाहेर आहे. ही जागा हल्ला करणाऱ्याची.

युरोपात ही रीत जुनी. १६२५ मध्ये ब्रेडा शहर स्पॅनिश सेनापती स्पिनोलाला शरण गेलं आणि नेदरलँड्सची स्पॅनिश कारभारीण इसाबेला हिनं तो वेढा कोरीवकाम करणारा चित्रकार जाक कालो याच्याकडून छपाईच्या सहा ताम्रपटांवर, म्हणजे तांब्याच्या पत्र्यांवर, कोरून घेतला. त्यांवरून छापलेले कागद जोडले की एकच अवाढव्य दृश्य तयार होतं: पुढे छावणी, घोडे, शिपाई ठसठशीत, शहर मात्र दूर, मोर्चांच्या जाळ्यात चिमुकलं. पुढे फ्रान्सच्या तेराव्या लुईनं ला रोशेलचा १६२७-२८चा वेढाही कालोकडूनच करवून घेतला. तैलचित्र एका महालात टांगलं जातं. ताम्रपटाच्या प्रती दरबारोदरबारी जातात. राजांना हवं होतं ते हेच. १६३३ मध्ये लुईनं कालोचं स्वतःचं गाव, नान्सी, घेतलं. तेही कोरायला सांगितल्यावर त्यानं साफ नकार दिला, असं त्याचे चरित्रकार सांगत आले आहेत. मला तो नकार त्याच्या सगळ्या ताम्रपटांहून मोठा वाटतो.

इंग्रजांनी ग्वाल्हेर घेतलं तेव्हा तर वेढा पडलाच नव्हता. जानेवारी १७७९ मध्ये वडगावला मराठ्यांनी इंग्रज फौज कोंडून तह करायला लावला होता. ती नामुष्की धुऊन काढायला ईस्ट इंडिया कंपनीला विजय हवा होता. ऑगस्ट १७८० मध्ये कॅप्टन पॉपहॅमच्या शिपायांनी पायांचा आवाज होऊ नये म्हणून कापूस भरलेले लोकरी जोडे घातले आणि रात्री शिड्या लावून शिंद्यांचा हा किल्ला घेतला. मग तो गोहदच्या राण्याला देण्यात आला.

हॉजेसला कंपनीचा गव्हर्नर जनरल वॉरन हेस्टिंग्ज याचा आश्रय होता. १७८५ ते १७८८ दरम्यान लंडनमध्ये निघालेल्या त्याच्या ४८ ॲक्वाटिंट (ताम्रपटावरून छापलेल्या, जलरंगासारख्या छटांच्या) चित्रांत हा किल्लाही आहे. त्यात लढाई नाही, धूर नाही. तरी मी त्याला वेढ्याचंच चित्र म्हणतो, कारण कडा जितका अवघड दिसेल तितका पॉपहॅमचा पराक्रम मोठा ठरतो.

चित्रात न आलेली गोष्ट अशी: १७८२ मध्ये इंग्रज आणि मराठ्यांत सालबाईचा तह झाला, १७८३ मध्ये महादजींनी किल्ला परत मिळवला. लंडनमध्ये ही चित्रं विकली जात होती, तेव्हा ग्वाल्हेरवर अंमल शिंद्यांचाच होता.